वाघाचा शेजार आणि आमचा सब्र

2020 सालचा ऑक्टोबर महिना आमच्या घरात कुणी विसरलेले नाही. कोरोनाची धास्ती सगळ्यांनाच होती; पण राजुऱ्याला राहणाऱ्या आमच्या खालांना त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. विरूर स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचे साडेचार एकर शेत आहे. त्या वर्षी पऱ्हाटी चांगली झाली होती, बोंडे फुटून शेत पांढरे झाले होते, आणि वेचायला एकही बाई येत नव्हती. रोज रात्री इशाच्या नमाजनंतर त्यांचा फोन यायचा. "कापूस डोळ्यांसमोर गळून चालला. पण कोणत्या तोंडानं कुणाला म्हणू, चल बाई शेतात?"

कारण होता एक वाघ. वनविभागाने त्याचे नाव आरटी-1 असे ठेवले होते. जानेवारी 2019 पासून राजुरा आणि विरूर या भागात त्याने आठ माणसांचा जीव घेतला. कुणी गुरे चारायला गेलेला, कुणी शेतावर, कुणी सरपणाला. पिंजरे लावले गेले, झाडांना कॅमेरे बांधले गेले, बेशुद्ध करणारे पथक महिनोन् महिने फिरले, तरी तो हाती लागत नव्हता. अखेर 27 ऑक्टोबर 2020, मंगळवारी तो सापडला आणि त्याला नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात नेण्यात आले. खालांनी त्या संध्याकाळी शुक्राण्याच्या दोन रकात पढल्या. दोन दिवसांनी त्यांच्या शेतात वेचणारणी उतरल्या. त्यांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे सीतादही केले, दहीभात ठेवला आणि मग पहिले बोंड वेचले. निम्मा कापूस तोवर मातीत गेला होता.

आता पुन्हा वेचणीचे दिवस जवळ आले आहेत. म्हणून या महिन्याच्या पानावर आम्ही वाघाविषयी लिहितो आहोत. वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्यापैकी बरेच जण मुंबई-पुण्यात, कोकणात किंवा मराठवाड्यात राहतात. तिथे वाघ म्हणजे मुलांच्या पुस्तकातले चित्र, फार तर ताडोब्याची सफर. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो शेजारी आहे. आणि शेजार म्हटला की हक्क आले, तक्रारी आल्या आणि सब्रही आला.

राजुऱ्याची वाट

राजुरा हे गाव वर्धा नदीच्या पलीकडे, चंद्रपूरच्या दक्षिणेला आहे. हा तालुका पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 नंतर तो आधी नांदेडला जोडला गेला आणि 1959 साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. खालांच्या सासऱ्यांच्या पेटीत शेताचे जुने कागद आजही उर्दूत आहेत. गावाच्या एका अंगाला कोळशाच्या खाणी, पुढे गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने, मधून बल्लारपूरहून काझीपेठकडे धावणारी रेल्वे, आणि या सगळ्यांच्या मध्ये जंगलाचे तुकडे व कापसाची शेते.

नकाशा डोळ्यांसमोर आणला तर वाघ इथे का येतो ते कळते. उत्तरेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारीचे अभयारण्य 1986 साली झाले आणि दोन्ही मिळून 1995 साली व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेला तेलंगणातले कागजनगरचे जंगल आणि त्याच्याही पुढे कवल व्याघ्र प्रकल्प आहे. या दोहोंच्या मधली वाट राजुऱ्यावरून जाते. आपण तिला तालुका म्हणतो, वाघासाठी तो रस्ता आहे. या रस्त्यावर आपण रूळ टाकले, खाणी खोदल्या, घरे बांधली. वाघाने मात्र वाट बदललेली नाही.

वाघाला घर का पुरत नाही

वाघीण साधारण साडेतीन महिन्यांनी विते. दोन ते चार बछडे असतात. दीड-दोन वर्षे ते आईच्या मागे राहून शिकार शिकतात. मग आई त्यांना दूर करते. मुली बहुधा आईच्या आसपास जागा शोधतात, मुलगे लांब निघून जातात. प्रत्येक वाघाला स्वतःचा इलाखा लागतो. शिकार भरपूर असलेल्या जंगलात वाघिणीला वीस-तीस चौरस किलोमीटर पुरतात, नराला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. आठवड्याला एक चितळ किंवा सांबर म्हटले तरी वर्षाला पन्नासेक जनावरे झाली. एवढे अन्न आणि एवढी जागा एका जंगलात किती वाघांना मिळणार?

2006 च्या गणनेत देशात 1411 वाघ होते आणि महाराष्ट्रात 103. 2022 च्या गणनेत देशाचा आकडा 3682 वर गेला आणि महाराष्ट्राचा 444 वर. राज्यातल्या वाघांचा मोठा हिस्सा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. हे यश आहे, आणि ते वनरक्षकांच्या पायपिटीचे यश आहे. पण या वाढलेल्या वाघांना नवे जंगल मिळालेले नाही. त्यातले कितीतरी ताडोब्याच्या हद्दीबाहेर राहतात. ब्रह्मपुरीच्या शेतांलगत राहतात. चंद्रपूर शहराला चिकटलेल्या औष्णिक वीजकेंद्राच्या झुडपांतसुद्धा राहतात.

जागेच्या शोधात वाघ किती चालतो हे सांगणारी एक गोष्ट आमच्या घरातल्या मुलींना फार आवडते, कारण त्यातल्या वाघिणीचे नाव झीनत आहे. 2024 च्या नोव्हेंबरात तीन वर्षांच्या झीनतला ताडोब्यातून ओडिशाच्या सिमिलीपालला नेऊन सोडले. तिथल्या वाघांच्या वंशात नवे रक्त यावे हा हेतू होता. डिसेंबरात ती तिथून निघाली, झारखंडात शिरली, तिथून पश्चिम बंगालमध्ये गेली. 29 डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडले आणि परत सिमिलीपालला पोचवले. आमची धाकटी भाची विचारते, "तिला नवं घर आवडलं नसेल का?" याचे उत्तर आमच्याकडे नाही. पण नव्या जागी सोडलेला वाघ मालकाच्या मर्जीने राहणारे जनावर नाही, एवढे तिला समजले.

माणूस हे वाघाचे अन्न नव्हे

आमच्या दस्तरखानावर या विषयावर दोन तट पडतात. मामू म्हणतात, माणूस मारला की वाघाला गोळी घाला, चर्चा कशाला? मुले म्हणतात, वाघाचा काय कसूर, आपणच त्याच्या घरात शिरलो. दोघांच्याही बोलण्यात अर्धी गोष्ट सुटते.

वाघ माणसाला ओळखतो आणि बहुतेक वेळा टाळतो. खालांच्या शेताजवळून वर्षानुवर्षे वाघ गेले असतील, त्यांनी कधी पाहिलेही नाहीत. मग हल्ला कधी होतो? माणूस जेव्हा वाकलेला किंवा बसलेला असतो तेव्हा धोका वाढतो. उभा माणूस वाघाला आपल्या नेहमीच्या शिकारीसारखा दिसत नाही. वाकून मोहफूल वेचणारी, उकिडवी बसून तेंदूपाने तोडणारी बाई मागून चार पायांच्या जनावरासारखी भासू शकते. दुसरा प्रसंग म्हणजे बछडे जवळ असताना वाघिणीला अचानक सामोरे जाणे. तिसरा म्हणजे मारलेल्या जनावरावर वाघ बसलेला असताना त्याच्या जवळ पोचणे. आणि क्वचित एखादा वाघ असा निघतो की त्याला माणसाचे भय राहत नाही. राजुऱ्याचा आरटी-1 तसा होता. वडसा भागातला सीटी-1 तसाच होता. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत तेरा माणसे मारल्यानंतर 13 ऑक्टोबर 2022 रोजी तो पकडला गेला.

मरणारे कोण असतात तेही पाहावे. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून जंगलात जाण्याची हौस कुणाला नसते. पंधरा-वीस दिवसांच्या त्या हंगामात मिळणाऱ्या पैशांवर घराचा पावसाळा निघतो. मुलांना आम्ही हेच सांगतो की त्या बायका वाघाच्या घरात चोरी करायला गेल्या नव्हत्या. त्यांचे घर आणि वाघाचे घर एकच आहे.

कायदा आणि गोळी

मामूंच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातले कलम 11 सांगते की वाघ माणसाच्या जीवाला धोका ठरला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणे लिहून त्याच्याविरुद्ध आदेश देऊ शकतात. तोही पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल तेव्हाच मारण्याचा.

त्याआधी हाच तो वाघ, हे ठरवावे लागते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. कॅमेऱ्यात आलेले पट्टे जुळवून ओळख पटवतात. याला वेळ लागतो आणि त्या वेळात गाव जीव मुठीत धरून बसते. पण घाईने भलताच वाघ मारला तर माणसे मारणारा मोकळाच राहतो. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे अवनी वाघिणीला गोळी घातली गेली, तिच्या मागे दोन बछडे राहिले, आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गाजत राहिले. तिच्यामुळे ज्यांची माणसे गेली त्यांच्या घरांची चर्चा मात्र त्या मानाने फार कमी झाली.

सब्र कुठे झिरपतो

वाघ कायद्याने वाचतो, हे खरे. पण पुरते खरे नाही. जंगलाच्या कडेला राहणारा माणूस त्याला सहन करतो म्हणून तो वाचतो. हा सहन करणाऱ्यांचा सब्र संपला, तर कोणताही वनरक्षक प्रत्येक शेताच्या बांधावर उभा राहू शकणार नाही. आणि हा सब्र नुसत्या पंजाने संपत नाही, कागदानेही संपतो. हे आम्ही आमच्या घरात पाहिले.

आरटी-1 पकडल्याच्या पुढच्या वर्षी खालांची गाभण गाय शेताच्या कडेला मारली गेली. दुसऱ्या कुठल्या तरी वाघाने किंवा बिबट्याने मारली असेल. मामूंनी सकाळी ती पाहिली आणि वास सुटेल, कुत्री जमतील म्हणून गड्यांकडून ओढून नाल्यात टाकायला लावली. चौथ्या दिवशी भरपाईचा अर्ज घेऊन कार्यालयात गेले. तिथे सांगितले गेले, जागेवर पंचनामा नाही, पाऊलखुणा नाहीत, वेळेत खबर नाही. त्यानंतर सहा फेऱ्या झाल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा कागद दुसऱ्या टेबलावर. पैसे मिळाले नाहीत. चूक आमची होती, हे आम्ही मान्य करतो. पण नियम आधी कुणी समजावून सांगितला नव्हता, हेही तितकेच खरे.

त्याच सुमारास रानडुकरांनी तूर उपसून काढली. मामू इतके वैतागले की म्हणाले, कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. आमच्या भागात हे चोरून होते. डुकरासाठी सोडलेल्या विजेत वाघ मरतात, गुरे मरतात, आणि अंधारात शेतावर गेलेली माणसेही मरतात. हा गुन्हा आहे. खालांना कायद्याचे कलम माहीत नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "रात्री कुणाचं लेकरू त्या वाटेनं गेलं तर? माझ्या तुरीपायी कुणाच्या घरी मय्यत नको." तार आणली गेली नाही. पण आमच्याच घरातला एक सज्जन, पाच वक्त नमाजी माणूस त्या विचारापर्यंत पोचला होता, हे आम्ही लपवत नाही. तो वाघाच्या द्वेषाने पोचला नव्हता, सहा फेऱ्यांच्या थकव्याने पोचला होता.

म्हणून आमचे म्हणणे असे की वाघ वाचवण्याच्या कामात भरपाई वेळेवर देणे हे कॅमेऱ्याइतकेच, पिंजऱ्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. माणूस दगावल्यास राज्य सरकार 2023 पासून वारसांना 25 लाख रुपये देते. काही रक्कम लगेच, बाकीची मुदत ठेवीत. जीवाची किंमत पैशात होत नाही. पण ज्या घरातली कमावती बाई गेली, तिथे वेळेवर आलेला धनादेश मुलांची शाळा सुटू देत नाही. सफारीला येणारे लोक वाघ पाहून आनंदाने परत जातात, त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. त्या आनंदाचा खर्च मात्र एकट्या वेचणारणींच्या माथी पडू नये.

घरात वाचून दाखवावे असे

जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आमच्या बहिणींसाठी काही गोष्टी इथे लिहून ठेवतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलांनी वाचून दाखवाव्यात.

शेतात किंवा रानात एकटीने जाऊ नये. पाच-सहा जणींनी मिळून जावे, मोठ्याने बोलत राहावे. उन्हे वर आल्यावर निघावे, सूर्य कलायच्या आत परतावे. वाघाचा फिरण्याचा वेळ बहुधा संध्याकाळ ते सकाळ असतो.

वेचणी करताना सगळ्यांनी एकाच वेळी वाकू नये. एकीने उभे राहून चहूकडे नजर ठेवावी. तुरीचे दाट पट्टे, नाल्याकाठची झुडपे यांच्या जवळ आधी आवाज करावा, मग जावे.

शौचाला उघड्यावर, विशेषतः पहाटेच्या अंधारात, जाऊ नये. घरात शौचालय असेल तर त्यात सरपण भरून ठेवू नये.

गुरे आणि बकऱ्या रात्री बंद गोठ्यात ठेवाव्यात. बकरी ईदसाठी वाढवलेला बोकड अंगणात मोकळा बांधणे म्हणजे बिबट्याला दावत देणे आहे. कुर्बानीनंतरचे आतडे-हाडे गावाबाहेर उघड्यावर टाकू नयेत, खोल खड्ड्यात पुरावीत.

वाघ समोर आलाच तर पळू नये, खाली बसू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून, हात वर करून, आवाज करत हळूहळू मागे सरावे. आणि वाघ दिसल्याची बातमी आली की मोबाईल घेऊन धावत जाणाऱ्या पोरांना घरात थांबवावे. गर्दीने घेरलेला वाघ बावरतो आणि मग कुणाचा तरी जीव जातो.

जनावर मारले गेले तर ते हलवू नये. वनरक्षकाला लगेच कळवावे, 48 तासांच्या आत कळवणे आवश्यक आहे. मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. वनविभागाचा 1926 हा क्रमांक विनाशुल्क आहे. ज्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दल आहे तिथे त्या दलातल्या मुलांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत.

खालांचा नवा खर्च

मागच्या आठवड्यात आम्ही राजुऱ्याला फोन केला. यंदा कापूस कसा आहे, विचारले. खाला म्हणाल्या, ठीक आहे, पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास होईल. आठ बाया सांगून ठेवल्या आहेत.

"आठ? मागे तर सातच लावायच्या तुम्ही."

तेव्हा त्यांनी सांगितले की आठवी बाई कापूस वेचणार नाही. ती बांधावर काठी घेऊन उभी राहील आणि पाहत राहील. आळीपाळीने एकेकीने उभे राहायचे आणि जी उभी राहील तिला त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळायची. गावातल्या वनरक्षकाने हा उपाय सुचवला होता. "चाची, एक डोळा उघडा ठेवला तर बाकीच्यांना निवांत वेचता येईल," असे तो म्हणाला होता.

मामूंना हा खर्च पटलेला नाही. नुसते उभे राहायचे पैसे कुणी देते का, असे ते घरात दोनदा बोलून झाले. खालांनी त्यांना हिशेब सांगितला. 2020 साली एकही बाई शेतात आली नाही तेव्हा निम्मा कापूस मातीत गेला. त्या पैशांत आठव्या बाईची कितीतरी वर्षांची मजुरी निघते. "आणि हिशेब नसता बसला तरी मी तिला उभं केलंच असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या शेतात वाकलेल्या बाईची पाठ ही माझी अमानत आहे."

वाघ त्या वाटेने यंदाही जाईल, कारण ती त्याचीही वाट आहे. तो जावा आणि बायाही संध्याकाळी आपापल्या घरी पोचाव्यात, अशी आमची दुआ आहे. ज्या वाचकांची शेती जंगलाच्या कडेला आहे त्यांनी या हंगामात बांधावर एक बाई उभी करून पाहावी, आणि कसे झाले ते आम्हाला पत्राने कळवावे.